अर्धांगवायूनंतर वडील फक्त ‘तेच तेच’ म्हणतात, वाचा परत येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे : वडील 63 वर्षांचे. चार महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात-पाय अजून अशक्त आहे. बोलायला गेले की ‘तेच तेच’ एवढंच बाहेर पडतं. एक ते दहा आकडे मात्र घडाघडा म्हणतात, आणि रागावले की शिवी अगदी स्पष्ट येते. आपलं बोलणं त्यांना सगळं कळतं असं घरच्यांना वाटतं, पण कशालाही ‘हो’च म्हणतात. पाणी पिताना ठसका लागतो. जिभेचे व्यायाम रोज करून घेतले, फरक नाही. सहा महिन्यांत येईल तेवढंच येईल, पुढे काही नाही, असं नातेवाईक सांगतात. स्पीच थेरपीत नेमकं काय करतात? घरी दोन भाषा बोलल्या जातात, आता एकच ठेवायची का? ते मधूनच रडतात. आणि दर रविवारी त्यांच्या भावाचा फोन येतो, पण ते फोनजवळ फिरकतच नाहीत.

ताई, वाचेबद्दल तुम्ही इतकं तपशिलात लिहिलंत आणि ठसक्याबद्दल एकच ओळ. मी मात्र ठसक्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीची कामं सावकाश होतील, हे थांबू शकत नाही.

बोलायचे आणि गिळायचे स्नायू जवळपास तेच असतात, म्हणून गिळण्याची तपासणीही आम्हा स्पीच थेरपिस्टांच्याच कामात येते. हे बऱ्याच घरांना माहीत नसतं. अर्धांगवायूनंतर सुरुवातीच्या दिवसांत निम्म्याच्या आसपास रुग्णांना गिळायला त्रास होतो. पुष्कळांचा कमी होत जातो, काहींचा राहतो. गिळताना श्वासनलिकेचं तोंड क्षणभर बंद व्हावं लागतं. पाणी पातळ, घशात वेगानं घसरतं, आणि दार बंद व्हायला किंचित उशीर झाला की थेंब आत जातो. ठसका म्हणजे शरीरानं केलेली राखण. ज्यांच्या घशाची संवेदना कमी झालेली असते त्यांना ठसकाही लागत नाही, आणि पाणी गुपचूप फुप्फुसाकडे जात राहतं. म्हणून पाणी प्यायल्यावर आवाज ओलसर, गुरगुरल्यासारखा येतो का, बारीक ताप वरचेवर येतो का, छातीत कफ भरतो का, याकडे लक्ष ठेवा आणि यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हे काही दिसलं नाही तरी गिळण्याची तपासणी याच आठवड्यात करून घ्या. गरज पडली तर बेरियम मिसळलेलं द्रव देऊन एक्स-रेवर गिळणं बघतात, किंवा नाकातून बारीक कॅमेरा घालून घसा बघतात. तोवर त्यांना ताठ बसवूनच पाजा. छोटे घोट द्या, घोट तोंडात असताना प्रश्न विचारू नका, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. दात आणि जीभ दोन्ही वेळा नीट स्वच्छ करा. तोंडातले जंतू लाळेबरोबर खाली गेले तर न्यूमोनियाची भीती वाढते, त्यामुळे ही स्वच्छता म्हणजे उपचारच आहे. पाणी घट्ट करायची पावडर मात्र स्वतःच्या मनानं सुरू करू नका, ‘मान खाली घालून गिळा’ असंही परस्पर सांगू नका. एकाला वाचवणारी युक्ती दुसऱ्याला बाधते, आणि घट्ट पाणी आवडत नाही म्हणून माणूस पाणी पिणंच कमी करतो.

आता वाचेकडे येतो.

1861 साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या शल्यविशारदाकडे एक रुग्ण आला. वीस वर्षांहून अधिक काळ त्याच्या तोंडून ‘तान’ एवढंच अक्षर येत असे, बहुधा दोनदा. लोक त्याला त्याच नावानं ओळखत. विचारलेलं त्याला बरंच समजे, हातवाऱ्यांनी तो उत्तरं देई, आणि फार चिडला की एक शपथवजा शिवी स्वच्छ उच्चारे. तो वारल्यावर ब्रोकानं मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूचा पुढचा भाग खराब झालेला आढळला. बोलण्याची क्षमता मेंदूच्या ठरावीक भागांशी बांधलेली आहे या समजुतीला तिथून बळ आलं. तुमच्या वडिलांचं ‘तेच तेच’ आणि त्या माणसाचं ‘तान तान’ एकाच जातीचं आहे. त्या शब्दाला अर्थ नाही. मनात पूर्ण वाक्य आहे, ते बाहेर निघायला जातं आणि दर वेळी त्याच एका खाचेत घसरतं. त्यांच्या आवाजाचे चढउतार ऐका. प्रश्न विचारतानाचं ‘तेच तेच’ वेगळं, नकाराचं वेगळं, कौतुकाचं वेगळं लागतं. अर्थ तिथं आहे.

मग आकडे आणि शिवी कशी येते? ओळीनं पाठ झालेलं, भावनेच्या उसळीत निघणारं बोलणं आणि ठरवून, शब्द निवडून केलेलं बोलणं ही मेंदूची वेगवेगळी कामं आहेत. इंग्लंडमधल्या जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन या मेंदूतज्ज्ञानं एकोणिसाव्या शतकातच हा भेद मांडला होता. आकडे, वारांची नावं, पाठ असलेली प्रार्थना, ओळखीच्या गाण्याचे शब्द हे सगळं पहिल्या प्रकारात येतं. त्यामुळे ‘एवढं सगळं म्हणता येतं, मग पाणी मागायला काय होतं, मुद्दाम करतात’ असं घरात कुणी म्हणत असेल तर त्याला आजच थांबवा. मुद्दाम काहीही नाही.

यातच तुमच्या जिभेच्या व्यायामांचंही उत्तर आहे. जी जीभ ‘तीन, चार, पाच’ स्पष्ट म्हणते, ती लुळी नाही. स्नायू अशक्त होऊन उच्चार बोबडे, जड येतात त्याला आम्ही डिसार्थ्रिया म्हणतो. स्नायू ठीक पण उच्चारासाठी त्यांची जुळवणी मेंदूला जमत नाही ते अ‍ॅप्रॅक्सिया. आणि भाषाच अडते, शब्द सापडत नाहीत, वाक्य बांधता येत नाही, ऐकलेलं-वाचलेलं पुरतं लागत नाही, तो वाचाघात, म्हणजे अफेजिया. तिन्ही एकाच माणसात मिसळलेले असू शकतात. तुमच्या वर्णनावरून वाचाघात तर दिसतोच, जोडीला अ‍ॅप्रॅक्सिया असण्याची शक्यता आहे. ती समोर बसवून तपासल्यावरच कळेल. पण जीभ बाहेर काढा, वर लावा, गाल फुगवा या कवायतीनं शब्द सापडत नाहीत. ही कवायत सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. तरीही रोजची ती पंधरा मिनिटं बंद करा आणि तीच पुढे सांगतो त्या कामाला द्या.

त्याआधी एक अवघड गोष्ट. ‘त्यांना सगळं कळतं’ असं जवळजवळ प्रत्येक घर सांगतं, आणि ते अर्धंच खरं निघतं. तुम्ही ‘चला, फिरायला जाऊ’ म्हणता तेव्हा हातात चप्पल असते, वेळ रोजचीच असते, नजर दाराकडे असते. शब्द न कळताही अर्थ लागतो. आपल्या मराठीत तर पुष्कळ अर्थ शब्दाच्या शेवटच्या प्रत्ययात लपलेला असतो. ‘वाघाला हरणानं मारलं’ असं सांगून ‘कोण मेलं?’ विचारलं, तर अशा रुग्णांपैकी अनेकजण हरणाच्या चित्रावर बोट ठेवतात. त्यांनी वाघ ऐकला, हरीण ऐकलं, मारलं ऐकलं, आणि जगात नेहमी घडतं ते जोडलं. ‘ला’ आणि ‘नं’ हातातून निसटले. याचा अर्थ बुद्धी गेली असा मुळीच नाही. तुमचे वडील माणसं ओळखतात, पैशांचा हिशोब जाणतात, कुणाचा स्वर बदलला तर त्यांना लगेच लागतं. फक्त लांब, गुंतागुंतीची, भरभर बोललेली वाक्यं त्यांच्यापर्यंत तुकड्यातुकड्यानं पोचतात.

आणि म्हणूनच ते ‘हो’ म्हणतात. काही वेळा प्रश्न लागलेला नसतो आणि संभाषण चालू राहावं म्हणून ‘हो’ जातं. काही वेळा मनात ‘नाही’ असतं आणि तोंडून ‘हो’ पडतं. हे दुसरं फार क्लेशाचं, कारण लोक त्या ‘हो’वर निर्णय घेऊन मोकळे होतात. एका कागदावर मोठ्या अक्षरांत ‘हो’, ‘नाही’ आणि प्रश्नचिन्ह लिहा. प्रश्न विचारा, थांबा, बोट ठेवू द्या. मग तोच प्रश्न उलटा करून विचारा. ‘बाहेर जायचंय?’ याला हो आलं, आणि ‘घरीच थांबायचंय?’ यालाही हो आलं, तर उत्तर अजून मिळालेलं नाही असं समजा. डॉक्टरांकडे जाताना आणि सही-व्यवहाराच्या बाबतीत तर ही उलटतपासणी केल्याशिवाय पुढे जाऊच नका.

सहा महिन्यांची भीती तुमच्या नातेवाइकांनी मनानं तयार केलेली नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत सूज ओसरते, रक्तपुरवठा सुधारतो, धक्क्यानं गप्प बसलेले भाग पुन्हा कामाला लागतात, म्हणून सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो. तो वेग पुढे मंदावतो हे खरं. त्यावरून कुणीतरी दार बंद होतं असा अर्थ काढला, आणि तो पसरला. 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जर्मनीतल्या 19 केंद्रांचा एक अभ्यास आला. त्यात 156 रुग्ण होते आणि सगळ्यांच्या वाचाघाताला सहा महिन्यांहून अधिक काळ झालेला होता. तीन आठवडे, आठवड्याला किमान 10 तास थेरपी दिल्यावर त्यांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं, आणि नुसतं थांबलेल्यांचं तसं सुधारलं नाही. हा अभ्यास मी मुद्दाम सांगतो, कारण ‘आता उपयोग नाही’ हे वाक्य ऐकून घरी बसवलेली माणसं मी इतकी पाहिली आहेत की ते वाक्य ऐकलं की अजूनही आतून हलायला होतं. पहिले महिने थेरपीविना गेले म्हणून तुम्ही स्वतःला दोष देत असाल, तर तेही नको. अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत नेहमीपेक्षा जास्त थेरपी दिल्यानं जास्त फायदा होतो का, हे पाहणारी एक मोठी चाचणी 2021 साली प्रसिद्ध झाली, आणि तसा जास्तीचा फायदा दिसला नाही. चार महिने म्हणजे उशीर नाही.

ते पूर्वीसारखंच बोलतील असं वचन मी देणार नाही. मेंदूचा किती भाग गेला, कुठला गेला, यावर बरंच अवलंबून आहे. पण आजच्यापेक्षा पुढे जातील, आणि कदाचित शब्दांपेक्षा संवाद आधी परतेल, असं म्हणायला तुमच्या पत्रात पुरेसा आधार आहे. आकडे येतात, स्वर येतो, राग शब्दांत येतो, माणसांशी नातं शाबूत आहे.

थेरपीत काय करतात, तर पहिली बैठक किंवा दोन बैठका केवळ शोधण्यात जातात. ऐकून समजतं किती, वाचून किती, मागोमाग म्हणता येतं का, पहिलं अक्षर सुचवलं तर शब्द येतो का, डाव्या हातानं लिहिता येतं का. या शेवटच्या दोन गोष्टींवरून मला वाट मिळते. शब्द नावांच्या गठ्ठ्यानं पाठ करून घेणं हे काम नव्हे. ‘कात्री’ अडली, तर कात्रीनं काय करतात, कोण वापरतं, कुठे असते, कशाची असते, असा तिच्याभोवतीचा सगळा परिसर जागा करतो, आणि शब्द त्या गर्दीतून वर येतो. क्रियापदांवर मी विशेष भर देतो. ‘शिवणं’ आलं की कोण शिवतं, काय शिवतं, हे दोन्ही आपोआप मागे ओढले जातात आणि वाक्याचा सांगाडा तयार होतो. एका शिंपीकाकांना मी सुरुवातीला चित्रांच्या कार्डांवरून फळं, प्राणी विचारत बसलो होतो. सहा बैठका कोरड्या गेल्या. सातव्या दिवशी त्यांच्या पत्नीनं टेप गळ्यात अडकवून आणली, आणि ती हातात घेतल्याक्षणी ते ‘छाती’ म्हणाले, मग ‘बाही’, मग माझ्याकडे बघून ‘उभा राहा’. त्या दिवसापासून मी आधी माणसाचा धंदा विचारतो, मग कार्डं काढतो.

तुमच्या वडिलांसारख्या एकाच शब्दात अडकलेल्यांसाठी एक जुनी, साधी पद्धत आहे. ती 1980 च्या सुमाराला मांडली गेली आणि तिचा पहिला टप्पा घरीच होतो. एक वही करा. ‘तेच तेच’ सोडून जो शब्द चुकून, झटक्यात, न मागता त्यांच्या तोंडून निसटेल तो लिहून ठेवा. ‘अरे’, ‘नको’, ‘चल’, ‘थांब’, नातवाचं नाव, अगदी शिवीसुद्धा. वाटेल त्यापेक्षा जास्त शब्द निघतात. थेरपिस्ट तो शब्द मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्यापुढे ठेवतो आणि वाचून म्हणायला लावतो. आला तर ठेवतो, दुसराच शब्द आला तर पहिला बाजूला करून तो दुसरा घेतो. म्हणजे आपण शब्द लादायचे नाहीत, त्यांच्या मेंदूनं स्वतः दाखवलेले शब्द उचलायचे. आपोआप येणारा शब्द हळूहळू ठरवून म्हणता येऊ लागतो.

गाण्याबद्दल अनेकजण विचारतात, तुम्हीही मनात ठेवलं असेल. 1973 साली बॉस्टनमधल्या तिघांनी सुरांच्या आधारानं बोलायला शिकवण्याची पद्धत पुढे आणली : छोटं वाक्य दोन सुरांत गुणगुणायचं, डाव्या हातानं प्रत्येक अक्षराला ठेका द्यायचा, आणि मग सूर हळूहळू काढून घ्यायचा. समज बरी असलेल्या, बोलणं अडलेल्या माणसांना याचा उपयोग होतो, विशेषतः शिकवलेली वाक्यं पक्की व्हायला. न शिकवलेल्या वाक्यांपर्यंत तो फायदा तेवढा पोचत नाही. त्यांची आवडती गाणी घरी जरूर लावा, सोबत म्हणा, त्यांना आनंद होईल. पण गाणं म्हणता आलं म्हणजे बोलणं आलं, असा हिशोब करून पुढे निराश होऊ नका.

पुढे एक दिवस ‘खुर्ची’ऐवजी ‘टेबल’ येईल, किंवा ‘कुर्खी’ असं काहीतरी. घरच्यांना वाटतं बिघडलं, ‘ध’चा ‘मा’ व्हायला लागला. मला त्या दिवशी फार आनंद होतो. ‘तेच तेच’ची खाच मोडून शब्द त्याच घरातल्या दुसऱ्या दारी पोचला, किंवा अक्षरं सापडली आणि क्रम चुकला. अशा वेळी ‘नाही, चुकलं, परत म्हणा’ म्हणू नका. ‘हो, खुर्ची. ओढू का जवळ?’ असं म्हणून बरोबर शब्द सहज कानावर घाला आणि पुढे जा.

घरात दिवसभर चालणारी ‘हे काय आहे? ह्याला काय म्हणतात? सांगा ना, येतं तुम्हाला’ ही परीक्षा थांबवाच. तुम्हाला उत्तर माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे की तुम्हाला माहीत आहे. 63 वर्षांच्या माणसाला घरातल्या पोरांसमोर दिवसातून वीस वेळा नापास व्हायला लागतं. त्याऐवजी ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच हवं आहे ते विचारा. समोर बसा, टीव्ही बंद करा, एका वेळी एकच गोष्ट छोट्या वाक्यात सांगा, मुख्य शब्द कागदावर लिहा, आणि मग थांबा. दहापर्यंत मनात मोजेपर्यंत थांबा. आपल्याला ते अनंत वाटतं, त्यांना तेवढा वेळ लागतोच. आवाज चढवू नका, त्यांना ऐकू येतं. लहान मुलाशी बोलल्यासारखा सूर तर अजिबात नको. टोरांटोमधल्या ऑरा केगन यांच्या गटानं असं बोलायचं प्रशिक्षण फक्त सोबत्यांना दिलं, रुग्णांना काहीच शिकवलं नाही. 2001 साली त्यांनी दाखवलं की सोबती बदलले तेव्हा रुग्णांचा संवादही सुधारला. ही गोष्ट मी प्रत्येक घराला सांगतो, कारण थेरपिस्ट आठवड्याला तीन-चार तास भेटणार, तुम्ही दिवसभर आहात.

खुणा, चित्रं, फोनमधले फोटो, नकाशा, कॅलेंडर, काहीही वापरू द्या. ‘बोट दाखवायची सवय लागली तर बोलणार नाहीत’ ही समजूत चुकीची आहे. खूण करताना कितीदा तरी शब्दच सोबत निसटतो, आणि नाही निसटला तरी म्हणणं पोचतं.

भाषा दोन्ही राहू द्या. दोन भाषा बोलणाऱ्यांच्या बहुतेक वेळा दोन्ही भाषा सारख्याच सुधारतात, काहींची एक पुढे जाते, आणि ती नेहमी आईचीच असते असंही नाही. झटक्याच्या आधी ज्या माणसाशी ते ज्या भाषेत बोलत, त्याच भाषेत तो माणूस बोलत राहू दे. एका वाक्यात दोन्हींची सरमिसळ तेवढी कमी ठेवा. थेरपिस्टला मात्र दोन्ही भाषांबद्दल पहिल्याच दिवशी सांगा.

ते रडतात ते दोन प्रकारचं असू शकतं. कारण नसताना येणारं, क्षणात थांबणारं रडणं हा मेंदूच्या इजेचा थेट परिणाम असतो. त्याला औषध आहे. दुसरं, झोप उडणं, जेवणावरची वासना जाणं, भिंतीकडे तोंड करून पडून राहणं, हे नैराश्य असतं, आणि अर्धांगवायूनंतर ते सुमारे एक तृतीयांश रुग्णांना कधी ना कधी गाठतं. ज्याला ‘मला वाईट वाटतंय’ म्हणता येत नाही त्याचं नैराश्य सगळ्यात उशिरा ओळखलं जातं. त्यांच्या डॉक्टरांना हे स्वतःहून सांगा, ते विचारतील म्हणून थांबू नका.

आता रविवारचा फोन. वाचाघात झालेल्या माणसासाठी फोन म्हणजे सगळ्यात अवघड परीक्षा : चेहरा नाही, ओठ नाहीत, खुणा नाहीत, आणि पलीकडचा माणूस दोन सेकंद शांतता झाली की ‘हॅलो, हॅलो’ करतो. ते टाळतात यात नवल नाही. काकांना आधी वेगळा फोन करून सगळं समजावून सांगा, आणि रविवारी व्हिडिओ कॉल लावा. काकांनी प्रश्न विचारायचे नाहीत, आपली बातमी सांगायची, सावकाश, एका वेळी एक, शक्य तर फोटो दाखवत. तुम्ही वडिलांच्या शेजारी कागद-पेन घेऊन बसा. आठवडाभर त्यांच्यासोबत एकच छोटी गोष्ट तयार करा, काकांना दाखवायची : चालतानाचा एखादा फोटो, आणि जमल्यास वहीतला एक शब्द, ‘अरे’ असला तरी चालेल. पहिला कॉल तीन मिनिटांचा ठेवा आणि ते थकायच्या आत तुम्हीच आवरता घ्या. शेवटी काकांना हात हलवायला सांगा, मग वडीलही डावा हात उचलतील. त्या वेळी त्यांच्या तोंडून काय निघतं ते ऐका आणि वहीत लिहा.